श्वास थांबलेल्या माणसाला तोंडाने श्वास कसा द्यायचा

ठाण्यात पाण्याला तोटा नाही. मासुंदा, उपवन, कचराळी हे तलाव सगळ्यांच्या तोंडी असतात. त्यात घोडबंदर रोडवरच्या संकुलांतले पोहण्याचे तलाव, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला येऊरचे ओढे आणि पावसाळ्यात काठोकाठ भरणाऱ्या जुन्या दगडखाणी धरा. पलीकडे खारघरच्या पांडवकड्याला बंदी घालूनही पोरं जायची ती जातातच. एवढं असून, पाण्यातून बाहेर काढलेल्या माणसाभोवती जमलेल्या घोळक्यात हमखास एकच आरडाओरडा असतो: "पोट दाबा, पाणी काढा!"

त्या माणसाला त्या घटकेला हवा लागते. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही की साधारण चार मिनिटांनी त्याचं नुकसान व्हायला लागतं. ती चार मिनिटं पोट दाबण्यात, कांदा हुंगवण्यात आणि तळपाय चोळण्यात गेली, तर पुढे कितीही मोठं इस्पितळ गाठलं तरी हाती फारसं काही लागत नाही.

मी ठाण्यातल्या सोसायट्यांमध्ये आणि शाळांमध्ये प्रथमोपचाराचे वर्ग घेतो. तिथे जे शिकवतो तेच इथे सविस्तर लिहितो आहे. वाचून क्रम लक्षात राहील. हाताला वळण मात्र बाहुलीवर सराव केल्यावरच लागतं, तेव्हा संधी मिळाली की एखादा वर्ग जरूर करा.

नुसती छाती दाबून भागत नाही का?

हा प्रश्न हल्ली पहिल्या पाच मिनिटांतच येतो, आणि तो रास्त आहे. तोंडाला तोंड लावायची गरज नाही, छाती दाबत राहा, असं सगळीकडे सांगितलं जातं. भारतातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सामान्य माणसांसाठी ज्या सूचना काढल्या, त्यांतही फक्त छाती दाबण्यावर भर आहे. प्लॅटफॉर्मवर चालता चालता छाती धरून कोसळलेल्या पन्नाशीच्या गृहस्थांसाठी हे अगदी योग्य आहे. त्यांचं हृदय अचानक थांबलेलं असतं, पण क्षणापूर्वीपर्यंत श्वास व्यवस्थित चालू होता. रक्तात प्राणवायू शिल्लक आहे, तो फिरवणारा पंप तेवढा बंद पडलाय. पंप हाताने चालवला की पहिली काही मिनिटं निभावतात.

बुडालेल्या माणसाचं उलटं असतं. त्याची आधी हवा संपते, मग रक्तातला प्राणवायू संपतो आणि शेवटी हृदय थकून थांबतं. अशा वेळी नुसती छाती दाबली तर आपण प्राणवायू नसलेलं रक्तच फिरवत बसतो. घशात घास अडकून गुदमरलेला, फास लागलेला, नाग किंवा मण्यार चावलेला, विषारी वायूने घेरलेला, झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक झालेला, या सगळ्यांची गोष्ट हीच. लहान मुलांचं तर बहुतेक वेळा असंच असतं. त्यांचं हृदय सहसा धडधाकट असतं, ते थांबतं श्वास बंद पडल्यामुळे.

तेव्हा माझं सरळ मत असं: धडधाकट मोठा माणूस उभ्या उभ्या कोसळला आणि तुम्हाला श्वास देणं जमत नसेल, तर निःशंक मनाने फक्त छाती दाबा. पण तलावावर काम करणारा जीवरक्षक, पोहायला शिकवणारे सर, पाळणाघर चालवणाऱ्या ताई, येऊरच्या पाड्यावरची आशाताई आणि घरात लहान मूल असलेले आईबाप, यांना श्वास देता आलाच पाहिजे.

आपण सोडलेल्या हवेत काय उरतं, अशी शंका बरेच जण काढतात. आत घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो, आणि बाहेर सोडतो तिच्यात १६-१७ टक्के. दुसऱ्याचा जीव तगवायला तेवढा पुरतो.

जवळ जाण्याआधी

बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारणारा अनेकदा स्वतःच बुडतो, कारण घाबरलेला माणूस हाताशी येईल त्याला खाली खेचतो. काठावरून बांबू, ओढणी, दोर पुढे करा. पाण्याचा वीस लिटरचा रिकामा जार झाकण घट्ट लावून फेकला तरी त्यावर माणूस तरंगतो, आणि असा जार प्रत्येक सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनमध्ये असतोच.

विजेचा झटका बसला असेल तर आधी मेन स्विच बंद, मग हात लावायचा. रस्त्यावर तुटून पडलेल्या तारेच्या आसपासही फिरकू नका. वीज कंपनीला आणि ११२ ला कळवा. गीझरच्या बंद बाथरूममध्ये कोणी पडलं असेल तर दार-खिडक्या उघडून गॅस बंद करा आणि त्याला ओढून मोकळ्या हवेत आणा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. सेप्टिक टँक, गटाराचं चेंबर किंवा रबाळे-महापे-तुर्भे पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्याची टाकी, यांत कोणी बेशुद्ध पडलं तर आत उतरू नका. सख्खा भाऊ असला तरी नाही. आतल्या वायूने दोन-चार श्वासांतच भोवळ येते, आणि एकामागून एक वाचवायला उतरलेले सगळेच आत राहिल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. श्वासाची यंत्रणा लावून अग्निशमन दलाची माणसं काढतील तेव्हाच तो बाहेर येईल. तुमचं काम तिथून पुढे सुरू होतं.

श्वास चालू आहे की नाही?

खांद्यांना हलवून मोठ्याने हाक मारा. "अहो काका, ऐकू येतंय का? डोळे उघडा!" प्रतिसाद नसेल तर पाठीवर झोपवा, डोकं मागे करून हनुवटी उचला (कशी ते पुढे येतंय) आणि आपला गाल त्याच्या नाकातोंडाजवळ नेऊन नजर छातीवर ठेवा. छाती हलते का, आवाज येतो का, गालाला हवा लागते का? दहा सेकंदांच्या वर यात घालवू नका.

इथे हटकून फसगत होते ती आचक्यांनी. हृदय थांबल्यावरही काही मिनिटं माणूस मधूनच आ वासून, घोरल्यासारखा आवाज करत, लांब अंतराने आचके देतो. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, ऊर्ध्व लागलाय, आणि कोणीतरी गंगाजळाचा चमचा आणायला धावतं. दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेल्या नव्वदीच्या आजोबांचा शेवट आलाय हे घरच्यांनी आणि डॉक्टरांनी आधीच स्वीकारलेलं असेल तर तो वेगळा प्रसंग. पण आत्ता दहा मिनिटांपूर्वी हसत-बोलत असलेला माणूस असे आचके देत असेल, तर ते श्वास थांबल्याचंच लक्षण धरा आणि कामाला लागा. त्याच्या तोंडात पाणी तर मुळीच घालू नका. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही, ते पाणी सरळ फुप्फुसात जातं.

नाडी शोधत बसायची गरज नाही. धावपळीत स्वतःच्याच बोटांतले ठोके जाणवतात आणि माणूस फसतो. बेशुद्ध आहे आणि श्वास नीट नाही, एवढं पुरेसं आहे.

फोन आणि गेट

१०८ किंवा ११२ लावा आणि फोन स्पीकरवर ठेवून बाजूला ठेवा, म्हणजे हात मोकळे राहतात. दोघं-तिघं असाल तर "कोणीतरी फोन करा" म्हणू नका. एकाकडे बोट दाखवून "दादा, तुम्ही लावा" असं सांगा. पत्त्यात सोसायटीचं नाव, विंग, मजला आणि जवळची ठळक खूण सांगा. घोडबंदरवर असाल तर ठाण्याकडे जाणारी बाजू की बोरिवलीकडची, आणि सर्व्हिस रोडने यायचं की नाही, हेही सांगा. चुकीच्या बाजूने आलेली ॲम्ब्युलन्स वळून यायला किती वेळ घेते ते कासारवडवलीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. एक जण गेटवर उभा राहील, दुसरा लिफ्ट तळमजल्यावर धरून ठेवेल. गेटवर रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर लिहायला लावणाऱ्या वॉचमनला आधीच सांगून ठेवा की ॲम्ब्युलन्सला ही शिस्त लागू नाही.

एकटे असाल, आणि माणूस बुडालेला असेल किंवा लहान मूल असेल, तर फोन हातात घेऊन वेळ दवडण्याआधी पहिले श्वास आणि साधारण एक मिनिटभर छाती दाबणं उरका, मग फोन लावा. स्पीकरवर दोन्ही एकदम जमत असेल तर उत्तमच.

सगळं गणित मानेच्या कोनात

बेशुद्ध माणूस उताणा पडला की त्याची जीभ सैल होऊन मागे पडते आणि घशाचं दार बंद करते. दुमडलेल्या पाइपात नळ कितीही सोडला तरी पाणी पुढे जात नाही, तसं होतं. म्हणून फुंकण्याआधी वाट उघडायची.

एका हाताचा तळवा कपाळावर ठेवा आणि डोकं मागे झुकवा. दुसऱ्या हाताची दोन बोटं हनुवटीच्या हाडाखाली लावून हनुवटी आभाळाकडे उचला. बोटं हाडावरच हवीत. खालच्या मऊ भागात रुतली तर तीच जीभ वर ढकलतात. डोक्याखाली उशी, पिशवी, घडी केलेला टॉवेल असलं काही ठेवलेलं असेल तर काढून टाका. प्रेमाने ठेवलेल्या त्या उशीने मान पुढे वाकते आणि वाट पुन्हा मिटते.

वर्गात हे नेहमी दिसतं. मागे वर्तकनगरमधल्या एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन बाहुलीवर सराव करत होते. गाल फुगवून, चेहरा लाल होईपर्यंत फुंकत होते, आणि बाहुलीची छाती जागची हलेना.

"सर, हिची मशीन बिघडलीय. हवा जातच नाही."

"दादा, जोर लावू नका अजून. हनुवटी उचला. अजून. आता हळू सोडा."

छाती अलगद वर आली. त्यांनी तोंड बाजूला केलं, बाहुलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "एवढ्याशा फुंकरीने?" एवढ्याशाच. ज्याची छाती हलत नाही तो बहुतेक वेळा आणखी जोरात फुंकतो. सुधारायला हवा असतो तो मानेचा कोन.

ही काही माझी अक्कल नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत जेम्स एलम आणि पीटर साफार या भूलतज्ज्ञांनी हे प्रयोग करून सिद्ध केलं. साफार यांनी बाल्टिमोरमध्ये स्वयंसेवकांना भूल देऊन, स्नायू लुळे पाडणारं औषध देऊन त्यांचा श्वास बंद पाडला आणि वैद्यकीय शिक्षण नसलेल्या साध्या माणसांकडून त्यांना तोंडाने श्वास देववले. त्याआधी पालथं झोपवून पाठ दाबणं, हात वर-खाली करणं अशा पद्धती होत्या. आपल्याकडच्या जुन्या स्काउट मंडळींना त्या अजून आठवतात. त्यांत पुरेशी हवा आत जात नव्हती, कारण वाटच उघडी नसायची. सरावाच्या बाहुलीचीही गोष्ट मजेशीर आहे. नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या माणसाने ती १९६० मध्ये तयार केली, आणि तिचा चेहरा पॅरिसच्या सीन नदीत सापडल्याचं सांगितल्या जाणाऱ्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतला.

खडकावरून किंवा उथळ पाण्यात सूर मारला असेल, उंचावरून पडला असेल, तर मानेला इजा असू शकते. तेव्हा मान शक्यतो न हलवता, डोक्याच्या बाजूला गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी जबड्याचे कोन पुढे ढकलायचे. हे नवख्याला सहज साधत नाही. साधलं नाही आणि हवा जात नसेल तर डोकं बेताने मागे करा. मानेची काळजी श्वासाच्या नंतर.

फुंकर

तोंडात डोकावून बघा. घास, तुटलेला दात, गुटख्याचा तोबरा असं काही समोर दिसत असेल तर बोटाने काढा. दिसत नसेल तर आत बोट घालून चाचपडू नका, वस्तू आणखी खोल जाते. कवळी घट्ट बसलेली असेल तर राहू द्या. तिने ओठांना आधार मिळतो आणि तोंड नीट झाकलं जातं. सैल असेल तर काढा.

कपाळावरच्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने नाक चिमटीत धरा. स्वतः नेहमीसारखा श्वास घ्या, छाती फुटेस्तोवर नको. आपलं तोंड त्याच्या तोंडावर पूर्ण बसवा, फट राहू देऊ नका. एक सेकंद सावकाश हवा सोडा आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून छातीकडे बघा. छाती वर येताना दिसली की बस्स. मोठ्या माणसाला साधारण अर्धा लिटर हवा पुरते. तोंड बाजूला करा, छाती खाली बसू द्या, दुसरा श्वास द्या.

जोरात किंवा भरभर फुंकलं की हवा फुप्फुसाऐवजी पोटात जाते. पोट फुगतं, त्यातलं अन्न वर येतं आणि घशातून फुप्फुसात उतरतं. म्हणून पोट फुगताना दिसलं तर ते दाबू नका. मान पुन्हा नीट करा आणि फुंकर हलकी करा.

छाती वर आली नाही तर डोक्याचा कोन बदलून आणखी एक प्रयत्न करा. तरीही नाही आली तर तिथे अडकून न राहता छाती दाबायला घ्या. आत काही अडकलेलं असेल तर दाबण्याने ते सुटू शकतं, म्हणून पुढच्या फेरीआधी तोंडात पुन्हा डोकावा.

दाढीमिशांच्या जंगलात किंवा जबडा घट्ट आवळलेला असेल तेव्हा तोंडावर तोंड बसत नाही. तेव्हा त्याचं तोंड बंद करून नाकावाटे श्वास द्या. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर मानेला छिद्र ठेवलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत. खारघरला टाटाच्या कर्करोग केंद्राच्या आसपास ती दिसतात. त्यांना श्वास त्या छिद्रातूनच द्यायचा असतो.

तीस आणि दोन

दोन श्वासांमागे तीस वेळा छाती दाबायची. कठीण जमिनीवर, पलंगावर नाही. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एक तळहात, त्यावर दुसरा, कोपरं ताठ, खांदे बरोबर हातांवर. ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. मोठ्याने मोजा. बरगडी कडकन वाजली तरी थांबू नका, बरगडी जुळते.

श्वासांसाठी हात थांबतील ते दहा सेकंदांच्या आत पुन्हा सुरू व्हायला हवेत. दोन श्वास दोन सेकंदांचे, उरलेला वेळ वाकायचा आणि पुन्हा जागेवर यायचा. दोघं असाल तर एकाने डोक्याशी बसून वाट उघडी धरावी आणि दर दोन मिनिटांनी अदलाबदल करावी. दाबणारा दमला की खोली कमी होते, आणि ते त्याचं त्याला कळत नाही.

एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, जवळ असेल तर मागवा. बुडालेल्याची छाती आधी कोरडी पुसून मगच पट्ट्या लावा, आणि यंत्र येईपर्यंत श्वास थांबवू नका.

पाण्यातून काढलेला माणूस

इथे क्रम श्वासापासून सुरू होतो. युरोपातल्या मार्गदर्शक सूचना आधी ५ श्वास सांगतात, अमेरिकेतल्या २. ठाण्यात काठावर उभं राहून या वादात पडायचं कारण नाही; दोन द्या किंवा पाच द्या, पण पहिली गोष्ट श्वास द्या आणि मग ३० व २ चं चक्र चालू करा.

आता पोटातल्या पाण्याबद्दल. बुडालेल्याच्या फुप्फुसात जाणारं पाणी लोकांना वाटतं तितकं नसतं, आणि जे गेलं ते पोट दाबून बाहेर येत नाही. पोट दाबल्याने बाहेर येतं ते जठरातलं पाणी आणि दुपारचं जेवण, आणि तेच श्वासनलिकेत शिरतं. पाय धरून उलटं टांगणं, खांद्यावर पालथं टाकून पळणं, हे सगळे त्याच भावकीतले उपाय. कोणी ओरडत असेल तर वाद घालू नका, त्याला कामाला लावा: "काका, तुम्ही गेटवर जा, ॲम्ब्युलन्सला वाट दाखवा."

तोंडातून पांढरा फेस येत राहील. तो पुसत बसू नका, पुन्हा पुन्हा येतो. त्याच्यातूनच श्वास द्या. उलटी झाली तर मात्र सगळं अंग एकदम कुशीवर वळवा, तोंड साफ करा, पुन्हा उताणं करून चालू करा. उलटी होणारच असं धरून चाला, म्हणजे दचकायला होणार नाही.

बाळं आणि मुलं

बादलीत, टबात डोकं घालून पडलेलं रांगतं मूल ही घराघरातली शक्यता आहे. बाथरूममध्ये भरलेली बादली ठेवायची नाही, एवढा नियम केला तरी खूप झालं.

वर्षाच्या आतल्या बाळाचं डोकं मागे झुकवायचं नाही. चेहरा सरळ छताकडे, मान ना पुढे ना मागे. बाळाचं डोकं मुळातच मोठं असल्याने खांद्याखाली पातळ घडी केलेला पंचा सरकवला तर कोन बरोबर येतो. आपलं तोंड त्याच्या नाकातोंडावर मिळून बसवायचं. हवा फक्त गालातली, छाती जेमतेम हलेल इतकी. दाबायचं ते दोन्ही हातांनी छातीला वेढून दोन्ही अंगठ्यांनी, किंवा तसं वेढता येत नसेल तर एका हाताच्या तळव्याने. खोली छातीच्या एक तृतीयांश, म्हणजे साधारण ४ सेंटिमीटर. मोठ्या मुलांत ५ सेंटिमीटर, एका तळहाताने. एकट्याने ३० ला २. शिकलेले दोघं असाल तर मुलांसाठी १५ ला २.

साप चावल्यावर

येऊरचे पाडे राष्ट्रीय उद्यानाला लागून आहेत आणि पावसाळ्यात साप घरात शिरतात. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, खूण धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही. मण्यार आणि नाग यांचं विष मज्जातंतूंवर चालतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. हृदय मात्र चालू असतं.

म्हणजे ज्याचा श्वास बंद पडलाय त्याला प्रतिसर्पविषाची लस मिळेपर्यंत तगवून ठेवायचं असेल तर कोणीतरी त्याच्यासाठी श्वास घ्यायला हवा. नाडी ओळखता येणारा माणूस सोबत असेल आणि मानेची नाडी स्पष्ट लागत असेल, तर मोठ्या माणसाला दर सहा सेकंदांनी एक श्वास, मुलाला दर दोन-तीन सेकंदांनी एक; छाती दाबायची गरज नाही, फक्त दर दोन मिनिटांनी नाडी पुन्हा बघायची. नाडीबद्दल खात्री नसेल तर ३० व २.

हा श्वास गाडीतही चालूच राहायला हवा, घाट उतरून शहरातलं इस्पितळ गाठेपर्यंत. असा माणूस डोळे उघडत नाही, बोट हलवत नाही, मेल्यासारखा दिसतो. पण त्याला आजूबाजूचं सगळं ऐकू येत असू शकतं. त्याच्या उशाशी रडारड करू नका, त्याच्याशी बोला. भगताकडे नेण्यात तास घालवू नका, करकचून दोरी बांधू नका, ब्लेड लावू नका. चावलेला अवयव काठी लावून स्थिर ठेवा आणि निघा.

किळस, भीती आणि कायदा

अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावायला मन धजत नाही, त्यात लाजण्यासारखं काही नाही. यातून संसर्ग होण्याचा धोका कमी आहे, पण शून्य नाही. झडपेचा प्लॅस्टिक पडदा किंवा खिशात मावणारा मास्क असेल तर मोठा अडसर जातो, आणि पोहण्याचा तलाव असलेल्या प्रत्येक सोसायटीने तो लाइफगार्डच्या खुर्चीपाशी ठेवायला हवा, कार्यालयाच्या कुलूपबंद कपाटात नव्हे. ॲम्बू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, ठेवायची असेल तर ती वापरायला शिकलेला माणूसही ठेवा. साध्या रुमालाने संसर्ग अडत नाही, फक्त मनाची समजूत पडते.

कीटकनाशक प्यायलेला, ॲसिडने तोंड भाजलेला किंवा कारखान्यातल्या विषारी वायूने पडलेला माणूस असेल तर थेट तोंड लावू नका. तिथे मास्क हवाच. नसेल तर फक्त छाती दाबा.

रस्त्यावरच्या अपघातात मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल ही भीती आता बाळगू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या सूचनांवर शिक्कामोर्तब केलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आलं. नाव सांगायची सक्ती नाही.

श्वास परत आल्यावर

माणूस स्वतःहून नीट श्वास घेऊ लागला, खोकला, हलला, तर थांबा आणि कुशीवर वळवा: वरचा गुडघा वाकवून पुढे, वरचा हात गालाखाली, तोंड थोडं जमिनीकडे. नजर छातीवरून हटवू नका. श्वास पुन्हा थांबू शकतो. ओले कपडे काढा, चादर घाला. चहा, पाणी काही नको. श्वास आलाच नाही तर मदत येईपर्यंत किंवा अंगातलं त्राण संपेपर्यंत चालू ठेवा.

बुडून वाचलेला माणूस उठून बसला, "मी बरा आहे, घरी जातो" म्हणाला, तरी त्याला इस्पितळात न्यायचंच. फुप्फुसांना सूज येऊन काही तासांनीही दम लागू शकतो.

१०८ च्या गाडीत डॉक्टर असतात. ते उतरले की गर्दीतले दहा जण एकदम बोलायला लागतात. तुम्ही चार गोष्टी सांगा: पाण्याखाली किंवा श्वासाविना अंदाजे किती वेळ होता, श्वास देणं किती वाजता सुरू केलं, मध्ये स्वतःहून श्वास घेतला किंवा उलटी झाली का, आणि त्याला फिट, दमा, हृदयविकार यांपैकी काही आहे का. वेळ फोनच्या कॉल-यादीत सापडते, तिथूनच वाचून दाखवा. आणि ते "आता आम्ही बघतो" म्हणेपर्यंत छातीवरचे हात काढू नका.